धाकटीचा भाडेकरू

थोरली शिवणयंत्रावर उशीचा अभ्रा शिवत होती, तेव्हा समोरच्या घराच्या भिंतीवर उजेडाचा दुसरा चौकोन पडला. एक चौकोन रोजचा. तिच्याच माडीवर नर्सबाई राहायच्या, त्यांच्या खिडकीचा. त्याच्या शेजारचा दुसरा कितीतरी महिन्यांत पडला नव्हता. तिचा टाका वाकडा गेला.

"भरली खोली," ती नवऱ्याला म्हणाली.

"कुणाची?" नवरा पेपरातून डोकं बाहेर न काढता म्हणाला.

"कुणाची म्हणजे? तिची."

या घरात 'ती' म्हटलं की एकच. धाकटी जाऊ. दोघा भावांनी एका जागेवर, मध्ये एकच भिंत ठेवून, दोन सारखी घरं बांधली होती. खाली आपण राहायचं, वरची खोली भाड्याने द्यायची. घरं सारखी होती हे फक्त त्या दोघा भावांचं मत. थोरलीच्या मते धाकटीच्या नळाला पाणी जास्त यायचं, तिच्या गॅलरीत ऊन जास्त वेळ थांबायचं आणि तिची फरशीसुद्धा कमी मळायची. दीर गेले तेव्हा थोरली मनापासून रडली, त्यात खोट नाही. त्यांचे सगळे शर्ट तिनेच शिवलेले, झिजलेल्या कॉलरी उलटवून दिलेल्याही तिनेच. पण पंधरा दिवस धाकटीच्या दारात भेटायला येणाऱ्यांची रीघ लागली, तेव्हा आपल्याकडे एवढी माणसं कधी आली होती का, असं तिच्या मनात आलंच. स्वतःची लाज वाटली. तरीही आलं.

आता हा दिवा. दोन वर्षांपासून गावातली भाडी चढत होती. मोठं हॉस्पिटल झालं, त्याला कॉलेज जोडलं, आणि खोली शोधणारी पोरं-पोरी गल्लीगल्लीतून फिरायला लागली. स्कूटरवरचा एजंट दर आठवड्याला दारात थांबून सांगायचा, काकू, तुम्ही फार स्वस्तात दिलीय हो. थोरली हसून सोडून द्यायची. नर्सबाई नऊ वर्षं राहत होत्या. पहिल्यांदा आल्या तेव्हा वेणी घालणारी मुलगी होती, आता चष्मा लागला होता. ड्यूटीवरून आल्या की आधी खाली यायच्या, थोरलीच्या नवऱ्याचा रक्तदाब बघायच्या, मग यंत्राशेजारी स्टुलावर बसून शिवलेल्या कपड्यांना बटणं लावून द्यायच्या. बोलता बोलता दोघींचा चहा व्हायचा. अशा माणसाचं भाडं कोण वाढवतं?

पण दिवा लागला, आणि दुसऱ्या दिवशी धाकटीच्या गॅलरीत दोरीवर पुरुषी शर्ट वाळत पडले. चांगले तीन. थोरली माडी चढून आपल्या गॅलरीत गेली, उगीच कठडा पुसल्यासारखं केलं. दोन गॅलऱ्यांच्या मध्ये कमरेएवढी भिंत होती.

"मिळाला वाटतं कुणी?"

"हो ना ताई," धाकटी शर्टाची बाही सरळ करत म्हणाली. "कंपनीत आहे. पहाटे जातो, उशिरा येतो. दिसायचासुद्धा नाही तुम्हाला."

"बरं झालं बाई. आणि देतो किती?"

"आता चाललंय तेच की. तुमच्या नर्सबाईंच्या दीडपट. मी तर मागितलंही नव्हतं, त्यानंच आपण होऊन सांगितलं."

आपण होऊन. हे शब्द थोरली दिवसभर घोळवत राहिली. दुपारी जेवण गेलं नाही. शिवताना सुई दोनदा मोडली. धाकटीनं काय करावं? नुसतं बसावं, आणि माणसांनी आपण होऊन तिला दीडपट द्यावं. आणि आपण नऊ वर्षं चांगुलपणा मिरवत बसलो. लोक मागे हसत असतील. धाकटी तर नक्कीच हसत असेल.

"दीडपट," ती रात्री नवऱ्याला म्हणाली.

"तिचं दीडपट आहे, तर आपलं काय गेलं?"

"तुम्हाला काही कळत नाही."

"पेपरात तर उलटंच दिलंय. बायपासकडे इमारतींवर इमारती झाल्यात, निम्मी घरं रिकामी आहेत म्हणे. भाडी उतरतील."

"पेपरवाले तिच्या गॅलरीत येऊन बघून गेले का?" थोरली म्हणाली, आणि विषय संपला.

पुढच्याच संध्याकाळी नर्सबाई स्टुलावर बसून बटण लावत असताना तिनं सांगून टाकलं. सरळ नाही. महागाई, माडीची गळती, पाण्याचा पंप, असं सगळीकडून फिरून ती दीडपटीवर आली. नर्सबाईंनी दोरा दातानं तोडला, बटण ओढून बघितलं.

"काकू, काही चुकलं का माझं?"

"नाही गं, चुकतंय कशाला. सगळीकडेच वाढलंय. शेजारी बघ ना."

नर्सबाईंनी सुईत नवा दोरा ओवला. मग म्हणाल्या, "बघते मी." आणि राहिलेली बटणं लावूनच वर गेल्या. थोरलीला वाटलं, झालं, जमलं. दीडपट नाही तर सव्वापटीवर ठरेल. एवढ्या वर्षांचं माणूस, जातंय कुठे?

महिना संपायच्या आत दारात टेम्पो लागला. बायपासकडच्या नव्या इमारतीत नर्सबाईंना दोन खोल्यांचा फ्लॅट मिळाला होता, लिफ्टसकट, आणि तोही इथल्या जुन्या भाड्यापेक्षा कमी भाड्यात.

"तिकडे भाडेकरूच नाहीत, काकू," त्या गाद्या बांधताना म्हणाल्या. "पहिल्या महिन्याचं भाडं तर मालक घ्यायलाच तयार नाहीत. मी आधी बघितलंच नव्हतं कधी. बघायची गरजच पडली नव्हती."

त्यात राग नव्हता, म्हणून तर थोरलीला ते जास्त लागलं. नर्सबाईंनी काकांचा रक्तदाब शेवटचा घेतला, मशीन त्यांच्याच हातात ठेवलं, कसं गुंडाळायचं ते शिकवलं आणि टेम्पोत ड्रायव्हरशेजारी बसल्या. धाकटी गॅलरीतून बघत होती. थोरलीनं मान वर केलीच नाही.

त्यानंतर समोरच्या भिंतीवर एकच चौकोन पडायला लागला, आणि तो थोरलीचा नव्हता. ती यंत्राचं तोंड फिरवून भिंतीकडे पाठ करून बसायला लागली. एजंटाला बोलावलं, तर तो स्कूटरवरून उतरलासुद्धा नाही. म्हणाला, काकू, आता जुन्या माड्या कोण घेतंय, जुन्या भाड्यात देत असाल तर बघतो. दारावर पाटी लावायचा तर प्रश्नच नव्हता. पाटी सगळ्यात आधी धाकटीनं वाचली असती.

मग एका दुपारी जोराचा वारा सुटला आणि धाकटीच्या दोरीवरचा एक शर्ट मधली भिंत ओलांडून थोरलीच्या गॅलरीत येऊन पडला. तिनं तो चिमटीत उचलला. दीडपट भाडं देणारा माणूस घालतो तरी काय, बघावं म्हणून कॉलर उलटून पाहिली.

कॉलर उलटवलेली होती. आतल्या बाजूचा टाका तिचा स्वतःचा होता, कोपऱ्यात दोनदा मागे घेतलेला. असा टाका गावात दुसरं कुणी घालत नाही. हा शर्ट दिरांचा होता. एक बटण तुटलेलं होतं.

ती तिथेच गॅलरीत खाली बसली. पहिल्यांदा तिला हसू आलं. पहाटे जातो आणि उशिरा येतो! ही बया मेलेल्या नवऱ्याचे शर्ट धुऊन वाळत घालते, रिकाम्या खोलीत दिवा लावते, आणि आपण सुया मोडतो. गल्लीभर सांगावं असं तिच्या मनात आलं. ती उठलीसुद्धा. पण जिन्याच्या दारातून नर्सबाईंची रिकामी खोली दिसली, भिंतीवर आरशाच्या जागी राहिलेला पांढरा डाग दिसला, आणि सांगायचं काय ते तिला कळेना. या फाटक्या शर्टाच्या नादी लागून मी माझं माणूस घालवलं, हे सांगायचं? आणि तेव्हासुद्धा, खरं सांगायचं तर, मनाच्या तळाशी ती जळलीच. धाकटीकडे निदान वाळत घालायला शर्ट तरी होते.

तिनं शर्टाला बटण लावलं, इस्त्री केली आणि मधल्या भिंतीवरून दिला.

"तुझ्या भाडेकरूचा पडला होता आमच्याकडे. बटण लावलंय."

धाकटीनं घडी हातात घेतली. बटणावरून बोट फिरवलं. तिचा चेहरा क्षणभर असा झाला की थोरलीला नजर काढून घ्यावी लागली.

"सांगते त्याला," धाकटी म्हणाली.

त्या संध्याकाळी नवरा पेपर वाचत असताना थोरली गुपचूप माडीवर गेली, नर्सबाईंच्या खोलीतला दिवा लावला आणि गॅलरीत येऊन उभी राहिली. समोरच्या भिंतीवर दोन चौकोन शेजारी शेजारी पडले. तिला फार दिवसांनी बरं वाटलं.

खाली मोटरसायकल थांबली. एक तरुण जोडपं होतं, मुलीच्या मांडीवर हेल्मेट आणि पाठीला मोठी सॅक. कोपऱ्यावरच्या दुकानदारानं त्यांना इकडे पाठवलं असावं, कारण मुलगा बोट वर करून म्हणाला, "याच दोन माड्या सांगितल्या त्यानं. जुनी आहेत घरं, पण माणसं चांगली आहेत म्हणाला."

मुलीनं मान वर करून दोन्ही खिडक्या बघितल्या. "दोन्हीकडे दिवे आहेत. भरल्यात."

"विचारू का हाक मारून?"

थोरलीनं तोंड उघडलं. मधल्या भिंतीपलीकडे धाकटीही गॅलरीत आली होती, आणि तिचंही तोंड अर्धवट उघडं होतं. दोघींनी एकमेकींकडे बघितलं. थोरलीला फक्त एवढंच म्हणायचं होतं, वर या, खोली रिकामी आहे. पण ते धाकटीच्या देखत म्हणायचं होतं.

"राहू दे," मुलगी खाली म्हणाली. "बायपासकडेच जाऊ."

मोटरसायकल वळली आणि कोपऱ्यावरून दिसेनाशी झाली.

"आली का तुमची नवी भाडेकरू कामावरून?" धाकटीनं विचारलं.

"यायचीय अजून," थोरली म्हणाली. "तुझा?"

"त्याला रोज उशीरच होतो, ताई."

थोरली आत गेली, रिकाम्या खोलीत जमिनीवर बसली, आणि दोन चौकोनांतला आधी कुठला विझतो ते खिडकीतून समोरच्या भिंतीवर बघत राहिली.