आबांच्या कानातलं हार्प्सिकॉर्ड

बारामतीच्या डायलिसिस सेंटरच्या दारात मी आबांची वाट बघत उभी होते, तेव्हा बाबांचा फोन आला. गावाहून, बावड्याहून, गाडी निघालीच नव्हती. आबा पहाटे झोपेतच... पुढचं माझ्यापर्यंत पोचलं नाही. हातातला इअरफोनचा गुंता मी सोडवतच राहिले.

आबा माझे आजोबा. डायलिसिसच्या दिवशी बाबा त्यांना आणून सोडायचे आणि कामाला जायचे. मी इथेच नोकरीला, म्हणून शेजारी मी बसायचे. आम्ही फारसं बोलायचो नाही. मी इंग्रजी माध्यमातली, त्यांची बोली समजायची पण जिभेवर यायची नाही, आणि स्वभावही मिटलेला. म्हणून एकदा इअरफोनचं एक टोक त्यांच्या कानात दिलं. हार्प्सिकॉर्डचं रेकॉर्डिंग होतं. पियानोसारखं दिसणारं पण तारा छेडून वाजणारं, युरोपातलं जुनं वाद्य. आबांनी डोळे मिटून ऐकलं.

"ह्याला दम खायला येळच न्हाय व्हय गं?"

"बंद करू?"

"तसं न्हाय. पत्र्यावर ज्वारी सांडल्यागत वाजतंय. चालू दे."

मग उन्हाळ्यात एकदा, सुया टोचून झाल्यावर, ते शांतपणे म्हणाले, "आता बास करणार हाय मी हे. तुझ्या बापाला इतक्यात सांगू नगंस. तू बोलत न्हाईस, म्हणून तुला सांगितलं." मी त्यांच्या कानातलं इअरफोनचं टोक नीट बसवलं. आणि एवढंच म्हणाले, "आबा, यातलं अजून बरंच ऐकायचं राहिलंय." ते नुसते हसले. पण पुढच्या खेपेला आले.

त्यानंतर मी ते रेकॉर्डिंग संपूच दिलं नाही. त्यांचा डोळा लागला की मागे न्यायचे. शेवटचा तुकडा चुकून लागेल या धास्तीनं माझं बोट सतत फोनवर. तो मी स्वतःही कधी ऐकला नाही.

"पोरी, ही ज्वारी मागल्या खेपंलाच सांडली हुती की."

"नाही आबा, ही वेगळी आहे."

"व्हय, व्हय. येगळी."

आणि पुढच्या वेळी सदऱ्याची बाही वर सारून पुन्हा पलंगावर हजर. बास करायचं ते बाबांना त्यांनी कधीच सांगितलं नाही. मीही नाही.

आबांच्या मागे करायचा जलदान विधी होऊन आता काही आठवडे झाले. घरात कुणी नसलं की मी रेकॉर्डिंग लावून बसते. एक टोक माझ्या कानात, दुसरं मांडीवर बारीक वाजत असतं. शेवटचा तुकडा जवळ आला की बसवत नाही, उठून फेऱ्या मारते... आणि मागे नेते.