तासलेली ओळ

शेजारी फरशी कापायला लागले की ओल्या दगडाच्या भुकटीचा वास येतो आणि माझं डोकं फिरतं.

माझ्या दाविददादाला संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चात परळला गोळी लागली. माती बसेपर्यंत वर्षभर थडग्यावर दगड लावायचा नाही, हा दफनभूमीचा नियम आम्ही पाळला. मग बाबांनी पाथरवटाकडून दगड घडवून घेतला. दादाच्या नावाखाली एकच ओळ होती: ‘मराठी राज्यासाठी गेला.’

दफनभूमीच्या कारकुनाने पट्टीने दगडाची उंची मोजली, ती नियमात बसली. मग त्याने ओळ वाचली.

"नाव आणि तारखा, एवढंच चालतं. हे काढा, नाहीतर दगड परत न्या."

मला वाटलं, बाबा त्याची गचांडी धरतील. ते पाथरवटाला म्हणाले, "तास ती ओळ."

कित्येक वर्षं मी बाबांवर धुमसत होते. दगड परत गेला असता तर दादाची जागाही ओळखू आली नसती, हे मला फार उशिरा कळलं. आता एक मेला शहरभर रोषणाई असते, तेव्हा मी त्या दगडावरचा खळगा पुसून येते. राग अजून तेवढाच आहे, पण बाबांवर नाही. छिन्नी चालताना दगड हलू नये म्हणून तो दोन्ही हातांनी घट्ट धरून मीच बसले होते.