लाल-निळ्याचा पीळ

वेधशाळेत सगळे तिला डागताई म्हणत. एकोणीस वर्षं ती रोज सकाळी सूर्यावरचे डाग कागदावर उतरवायची आणि त्यांच्यातल्या चुंबकाची दिशा मोजून उत्तर ध्रुवाला लाल, दक्षिण ध्रुवाला निळा रंग द्यायची.

सोमवारी सूर्याच्या डाव्या अंगाला दोन ठिपके उगवले. पुढे लाल, मागे निळा. अगदी सालस जोडपं. मंगळवारी ते फुगले, एकमेकांपासून लांब सरकले. बुधवारी मात्र दोघांच्या मधून नवं चुंबकत्व उसळून वर आलं आणि त्यातला एक निळा थेट लालाच्या अंगावर धावला. गुरुवारी दोन्ही रंग डागाभोवतीच्या एकाच करड्या कडेत कोंबले गेले होते, मधली सीमा दोरीसारखी पिळली होती.

ती कागद घेऊन वेधशाळेच्या प्रमुखांकडे धावली. असा पीळ बहुतेक वेळा स्फोटानेच सुटतो, आणि मग पृथ्वीच्या उजेडाच्या बाजूचे लांब पल्ल्याचे रेडिओ मुके होतात. तिचा धाकटा भाऊ मासेमारीची बोट घेऊन खोल समुद्रात होता.

"साहेब, इशारा द्या."

"दुसऱ्या केंद्रावर ढग आहेत, ताई. एकट्या तुमच्या चित्रावर बंदरांना कसं कळवू? दुपारपर्यंत धीर धरा."

तिने बंदरातल्या रेडिओवाल्याला गाठून भावाशी बोलणं जोडून घेतलं.

"अरे, मागे फिर. रेडिओ बंद पडणार आहे."

"सूर्याला पुरळ उठलं म्हणून भरलं जाळं सोडू?" तो खो खो हसला.

"तुझ्या पाया पडते रे!"

"बघतो, बघतो."

अकरा वीसला दुर्बिणीत त्या पिळावर स्फोटाच्या दोन लखलखीत फिती भडकल्या. तिने फोन लावला. "सगळं चिडीचूप झालंय," रेडिओवाला म्हणाला.

सत्तावन्न मिनिटांनी बाकीच्या बोटी बोलू लागल्या. भावाची बोलली नाही.

दोन दिवसांनी एक खलाशी फळीला धरून तरंगताना सापडला. ती त्याच्या खाटेशी जाऊन बसली.

"तुमचा फोन झाला आणि त्याने जाळं तोडलं," तो म्हणाला. "लवकर पोचायला खडकांच्या बाजूची वाट धरली. बोट फुटली. बुडेपर्यंत रेडिओचं बटण दाबून हाका मारत होता. दोन-तीन तासांच्या वाटेवर दुसरी बोट होती हो, पण ऐकू कुणाला जाणार?"

पुढे साहेबांनी नियम बदलला. तिच्या एकटीच्या चित्रावरही इशारा जाऊ लागला. पण लाल कुठे संपतो नि निळा कुठे लागतो, हे ठरवायला आता तिला दोन-दोन तास लागत. आणि भावजयीचा फोन वाजला, तर ती उचलत नसे.