पांढऱ्या कापसावर हिरवा आकडा

माझी फोमची गादी जाहिरातीत अंतराळ तंत्रज्ञानाने बनलेली होती. दोन पावसाळ्यांत तिच्या मधोमध माझ्या आकाराचा खड्डा पडला. अंतराळवीर बहुधा इतका वेळ झोपत नसावेत. पण खड्ड्यापेक्षा मोठा प्रश्न ती टाकायची कुठे, हा निघाला. कचरागाडीने नेली नाही, भंगारवाला नुसता हसला, आणि आमच्या सोसायटीकडे 'शून्य कचरा'चं प्रशस्तिपत्र असल्यामुळे आवारात कचरा असणं नियमात बसत नव्हतं. शेवटी वॉचमनच्या सल्ल्याने ती गच्चीवर गेली. तिथे तिच्यासारख्या बऱ्याच जणी आधीच भिंतीला टेकून उभ्या होत्या.

ऑफिसातली वैशाली म्हणाली, "आमच्या काकूकडचा कापूस घे आणि पिंजाऱ्याकडून गादी भरून घे. जन्मभर टिकणार नाही, पण संपली की मातीत तरी जाईल." काकू म्हणजे नंदाकाकू. राजूरजवळ त्या एकट्या शेती बघतात. वैशालीला रजा मिळाली नाही, मला मिळाली. सुट्टीत यवतमाळ जिल्ह्यात चालले म्हटल्यावर सगळ्यांनी एकच विचारलं, वाघ बघायला का? बोंडअळी आणि फवारणीतली विषबाधा सोडली तर हा जिल्हा टीव्हीवर येतच नाही. कापूस आणायला जातेय यावर कोणाचा विश्वास बसला नाही. तो ऑनलाइन मिळतो म्हणे.

जाणाऱ्यांसाठी रस्ता सांगते. पुण्याहून नागपूरपर्यंत रेल्वे, तिथून वणीची एस.टी., जाम आणि वरोऱ्यावरून. कुठल्याही खिडकीत बसा, दोन्ही बाजूंना कापूसच आहे. जामला तर्रीपोहे खा, पण तर्री, म्हणजे त्यावरचा झणझणीत रस्सा, वेगळ्या वाटीत मागा. त्यांच्या हाताने घातली तर पुढचा प्रवास फार लांबचा वाटतो. वणीहून राजूरकडे शेअर ऑटो मिळते. भाडं इतकं कमी की घासाघीस करायची लाज वाटावी. फिकट कपडे नेऊ नका. नेलेच तर ते फिकट होते हे विसरून जा.

या रस्त्यावर विकास उघड्या डोळ्यांनी दिसतो. उघडे मात्र ठेवता येत नाहीत. कोळशाचे ट्रक एकामागून एक जातात, ताडपत्री बांधलेली असते ती हौद्याच्या बाजूला शोभेपुरती. कडुनिंबाची काळी झाडं बघून मला आधी वाटलं ही काही वेगळी जात असावी. मग एका झाडाचा वरचा शेंडा हिरवा दिसला.

कोळशाच्या खाणीच्या फाटकापाशी मात्र सगळं बदललं. हिरवळ, कारंजं, धुतलेला रस्ता आणि मोठा इलेक्ट्रॉनिक फलक. त्यावर हवेतल्या धुळीचा आकडा हिरव्या अक्षरांत झळकत होता. अशी यंत्रं जुळवणं आणि तपासणं हे माझं पोट भरायचं काम आहे, त्यामुळे मी आधी आकडा बघत नाही, हवा आत घेणारी नळी कुठे बसवलीय ते बघते. ती कारंज्याशेजारी बसवली होती. पाण्याचा टँकर फाटकासमोर गोल फिरत होता, देवळाला प्रदक्षिणा घालावी तसा. कारंज्यापाशी हवा खरोखरच उत्तम होती. यंत्र खोटं बोलत नव्हतं. त्याला जिथे उभं केलं होतं, तिथलं ते सांगत होतं.

नंदाकाकू मला घ्यायला तिथेच उभ्या होत्या. पन्नाशीच्या, उंच, डोक्याला पांढरा रुमाल.

"तू मशीनवाली ना? मंग सांग, काय म्हन्ते ते पाटी?"

"हवा चांगली आहे म्हणते."

"अस्सं?" काकू खोकल्या. "मंग मी कायले खोकून राह्यली वो इतके वर्ष? शौक म्हनून?"

जेवायला ज्वारीची भाकर, बेसनाच्या पातोडीचा रस्सा आणि ठेचा होता. यासाठी राहायचं ठिकाण शोधू नका, मिळणार नाही; एखादी काकू शोधा. जेवण झाल्यावर त्या मला वावर दाखवायला घेऊन गेल्या.

वावर कोळशाच्या रस्त्याला लागूनच. बोंडं फुटली होती आणि इथे मला एक रीत कळली, जी कुठल्याही पर्यावरण अहवालात मी वाचलेली नाही. रस्त्याकाठच्या तासांचा, म्हणजे ओळींचा, कापूस इथले लोक वेगळा वेचतात आणि वेगळ्या गाठोड्यात बांधतात. त्याला 'रस्त्याचा कापूस' म्हणतात. तो जिनिंगला, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, जात नाही, कारण तिथे गाडी रिकामी करताना एक राखाडी मूठ जरी दिसली तरी सगळी गाडी खालच्या प्रतीत टाकतात. रस्त्याचा कापूस घरच्या गाद्या-उशांना वापरतात. पूर्वी तो काठापुरताच निघायचा. मग खाण वाढली, ट्रक वाढले, जिल्ह्याची प्रगती झाली आणि रस्त्याचा कापूस जवळजवळ अर्ध्या वावरापर्यंत आला.

"या पट्ट्याचा अजून हात लावन्यासारखा हाय," काकूंनी मधल्या तासातलं एक बोंड फुंकून दाखवलं. "फुकला का धूळ उडून जाते. पन वेचनाऱ्या बाया दुसऱ्याच्या वावरात हायेत, परवा येतीन. तवरिक ट्रकायनं अजून धूळ बसवली का गेला हा बी. आन् खालची बोंडं पाह्य." त्यांनी एक हिरवं बोंड नखाने फोडलं. आत गुलाबी अळी आरामात बसली होती. "दुसरी वेचनी नाई होत यंदा. जे हाय ते हेच."

म्हणजे काकूंचं वर्ष त्या दोन दिवसांवर येऊन ठेपलं होतं. रस्ता ओला राहिला तर कापूस पांढरा, नाहीतर सगळा गादीला.

"उद्या तू संग चाल," त्या म्हणाल्या. "हापिसात जाऊन टँकर मागतो."

मी सुट्टीवर होते आणि मला कुणाच्या भानगडीत पडायचं नव्हतं. मी तसं स्पष्ट सांगितलं. काकूंनी ऐकून घेतलं आणि सकाळी आठला तयार राहा म्हणाल्या.

खाणीचं ऑफिस वातानुकूलित आहे. उन्हाळ्यात जाणाऱ्यांना सोयीचं पडेल. पर्यावरण अधिकाऱ्यांच्या टेबलावर कुंडीत प्लास्टिकचा बांबू होता. काकूंना त्यांनी उभंच ठेवलं. मग काकूंनी माझ्याकडे बोट केलं, "ह्या पुन्याच्या म्याडम. धूळ मोजाच्या मशीनवाल्या."

दोन खुर्च्या आल्या. चहा आला.

"मॅडम, अचानक?" अधिकारी म्हणाले.

"मी सुट्टीवर आले आहे."

"समजलं, मॅडम." त्यांनी दार लावून घेतलं. "सुट्टीवर. अगदी बरोबर."

"खरंच सुट्टीवर. मला कापूस न्यायचाय."

"नमुना? आम्ही देतो ना पॅक करून!"

यापुढे मी गप्प बसले. तोही उपाय नव्हता. जितकं कमी बोलावं तितकी माझी बढती होत होती. चहा संपेपर्यंत मी दिल्लीची झाले असणार.

काकू मुद्द्यावर आल्या. "साहेब, दोन दिवस टँकर पाठवा. सकाळ-सांज रस्ता ओला करा, बस. वेचनी झाली का मी तुमाले इचारत बी नाई."

"टँकर?" अधिकाऱ्यांना वाईट वाटलं. "काकू, टँकर जुनी टेक्नॉलॉजी झाली. तुमच्यासाठी तोफ पाठवतो."

"तोफ? कोनासंग लढाई हाय?"

"फॉग कॅनन. धुक्याची तोफ! पूर्ण जिल्ह्यात आपल्याकडेच आहे."

तोफ दुपारी आली. ट्रकवर बसवलेला प्रचंड पंखा, त्याच्या तोंडाभोवती बारीक छिद्रांच्या नळ्या, मागे टाकी. एरवी ती फाटकापाशी उभी असते आणि पाहुणे आले की चालते. आज साहेबांनी ती पूर्ण ताकदीवर चालवायला सांगितली होती, कारण मॅडम बघणार होत्या. ट्रकवर जुबेर नावाचा वणीचा तरुण होता. स्वतः मेकॅनिक, यंत्रावर मनापासून खूश.

"पाणी कुठलं?" मी विचारलं.

"खदानीचंच, मॅडम. रिसायकल! एक थेंब वाया नाई जात."

मी टाकीखालच्या तोटीतून ओंजळभर पाणी घेतलं. तळव्यात काळी रेष राहिली. वारा रस्त्याकडून वावराकडे होता. मी हात वर करून "थांबा" म्हणाले, पण पंख्याने तोवर आवाज धरला होता आणि जुबेरला वाटलं मॅडम खूश आहेत.

धुकं दिसायला सुंदर होतं, हे नोंदवलं पाहिजे. उन्हात त्यात इंद्रधनुष्यही उमटलं. ते रस्त्यावरून उचललं गेलं, धुरा, म्हणजे वावराचा बांध, ओलांडून गेलं आणि फुटलेल्या कापसावर सावकाश उतरलं. काकू दोन्ही हात वर करून वावरातून पळत सुटल्या.

"बंद कर रे! बंद कर! कापूस हाय तो बावा, धानाची बांधी नाई!"

जुबेरने त्यांना पाहिलं आणि लगेच बंद केलं. खाली उतरला, एक बोंड हातात घेतलं आणि बोटाने पुसून पाहिलं. पांढऱ्यावर राखाडी ठिपके. फुंकून जाणारी धूळ आता शाईसारखी आत मुरली होती. "चाची, साहेबनं फुल सांगितलं होतं," तो हळू म्हणाला. "मले काय मालूम."

"तुले नाई बोलून राह्यली मी," काकू म्हणाल्या.

अधिकारी इतका वेळ मोटारीतूनच फोनने फोटो काढत होते; आता ते उतरले आणि त्यांनी माझा अभिप्राय विचारला. मी म्हणाले, "वेचणी होईपर्यंत ही तोफ या रस्त्यावर आणू नका. साध्या पाण्याचा टँकर आणा, आणि फवारा खाली ठेवा." त्यांनी मान डोलावली. "सूचना उत्तम. पुढच्या आर्थिक वर्षात घेऊ."

पलीकडचा अर्धा भाग कोरडा होता. तोफेची झेप तिथपर्यंत पोचली नव्हती. काकूंनी बायांची वाट बघितली नाही. कमरेला ओटा, म्हणजे कापूस वेचायची झोळी, बांधला, शेजारच्या जावेला हाक मारली आणि एक ओटा माझ्याकडे फेकला. अंधार पडेपर्यंत आम्ही तिघी वेचत होतो. वाळलेल्या बोंडाची टोकं सुईसारखी असतात. कुठल्याही प्रवासी संकेतस्थळावर याला 'शेतीचा अस्सल अनुभव' म्हणून पैसे घेतील. मला फुकट मिळाला.

"पुन्याचं बोट हाय, नाजूक," जाऊ म्हणाली. "पाने संग येऊन राह्यले हिच्या कापसात!"

"येऊ दे," काकू म्हणाल्या. "काळं तं नाई ना येऊन राह्यलं."

दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी ठिपक्यांचा कापूस सुकल्यावर काकूंनी त्यातलं एक पोतं माझ्यासाठी बांधलं. परतीला मुद्दाम मारेगाव-करंजी मार्ग घेतला, कारण काकूंचे पिंजारी रहीमचाचा मारेगावला असतात. बसस्टँडवरून चालत जाता येतं. नीलगायीसारखा राखाडी धुरळा ज्या दुकानातून येतो, ते त्यांचं. चाचांनी पोत्यात हात घातला, काढला आणि माझ्याकडे वळवून दाखवला.

"बेटी, हे रुई हाय का राख?"

"नंदाकाकूंच्या वावरातली आहे."

"नंदाबाईचा कापूस तं दुधावानी राहे." त्यांनी आधी सरकी काढली, मग पिंजायचं यंत्र सुरू केलं, तोंडाला ओलं फडकं बांधलं आणि मलाही एक दिलं. पिंजलेला कापूस बाहेर आला तो पावसाळी ढगाच्या रंगाचा. "पहिले नवरीची गादी भराची असली का लोक कापूस पाह्यला येत. आता खोळ पाह्यतेत. तू गडद खोळ घे. कोनाले समजत नाई."

मी गडद निळी खोळ घेतली. गादी गुंडाळून एस.टी.च्या टपावर चढवायचे पैसे वेगळे लागतात, कंडक्टरशी आधीच बोलून घ्या.

पुण्यात येऊन महिना झाला. पाठ दुखायची थांबली आहे. गादी झटकली की खिडकीच्या काचेवर बारीक काळा थर बसतो, तो पुसते.

काल काकूंचा फोन आला. कोरडा अर्धा कापूस जिनिंगने चांगल्या प्रतीत घेतला. ठिपक्यांची गाडी आतही घेतली नाही, फाटकावरूनच फिरवली. खाणीने मात्र इलेक्ट्रॉनिक फलकाशेजारी नवा मोठा फोटो लावलाय: धुक्याची तोफ, इंद्रधनुष्य आणि दोन्ही हात वर करून पळणाऱ्या काकू. खाली लिहिलंय, 'शेतकऱ्यांकडून उत्स्फूर्त स्वागत'.

"फोटो बरा आला पन," काकू म्हणाल्या. "वैशूच्या बापानं ओळखलंच नाई मले."

"तुम्ही तक्रार करणार का?"

"केली. ते म्हन्ते, तुमीच मागितली होती तोफ." त्यांच्या मागून ट्रकांचा आवाज येत होता. "पुढच्या साली रस्त्याकडच्या अर्ध्यात तूर लावतो. तुरीच्या दान्याले शेंगेचं पांघरून राह्यते. धूळ बसली तं वरच बसते."

हिशेब बिनचूक होता. खाणीच्या अहवालात याला पीक-विविधता म्हणतील आणि तेही चुकीचं नसेल. अर्धं वावर धुळीला देऊन टाकलं, एवढंच त्यात लिहिलेलं नसेल.

"आणि उरलेल्या अर्ध्यात?" मी विचारलं.

"कापूस. त्याच्यासाठीच फोन केला. तू मशीन घेऊन ये बोंडं फुटाच्या टायमाले. धूळ कुठलोक आली ते मोजून कागदावर लिहून दे. सही करजो खाली. मंग पाह्यतो त्यायच्या पाटीकडं."

मी हो म्हणाले. मग कामाचा प्रश्न विचारला, मोजायला सुरुवात कुठून करायची, रस्त्यापासून?

"रस्त्याकडून कायले? तिकडचं तं मले डोयानं दिसते," काकू म्हणाल्या. "तू पांढऱ्याकडून मोजत ये."