या ना कधी घरी

"अरे, ये लोग सच में आ गए!"

पडद्यामागून बाईचा आवाज आला. मंग हसणं. सरांचं हसणं मले बरोबर ओळखू येते. मी अन् आई त्यांच्या घराच्या व्हरांड्यात उभ्या. आईच्या अंगावर ठेवणीतली साडी, हातात पातोड्यांचा गरम डबा.

सर म्हणजे सिलतऱ्याच्या कारखान्यातले आमच्या लॅबचे मॅनेजर. तिथं इनचार्जची जागा खाली होती. ते मले मिळावी म्हणून मी जीव टाकून काम करून राहिली होती. शुक्रवारी सरच म्हणले, "यू मस्ट कम होम समटाइम. ब्रिंग युअर मदर." आता आमच्या तात्यापाऱ्यात, मराठी मोहल्ल्यात, जेवायले बोलावलं अन् गेलं नाही, तर तो बोलावणाऱ्याचा अपमान. म्हणून रविवारी गेलो. आई सकाळपासून बेसन घोटून राहिली होती.

सरांच्या मॅडम बाहेर आल्या. "ओह, यू शुडन्ट हॅव!"

आईनं हळूच विचारलं, "काय म्हणते वो ते?"

मी म्हटलं, खूश झाल्या.

डबा नोकरानं आत नेला. आम्हाले नाही नेलं. पाणी तिथंच, उभ्यानं. "सम डे वी मस्ट डू दिस प्रॉपरली," म्हणत मॅडमनं दार लावलं.

ऑटोत बसलो. गोल बाजार आला तेव्हा आई बोलली, "पोरी, मले इंग्रजी नाही येत. तोंड वाचता येते." लाजेनं मले मेल्यावानी झालं.

तवापासून मी गोड इंग्रजी ऐकलं की सावध होते. "वी विल सी" म्हणजे पाहणार नाहीत. "इंटरेस्टिंग" म्हणले की समजायचं, गेलं कचऱ्यात. "यू आर लाइक फॅमिली" म्हणले की आज उशिरापर्यंत थांबायचं. अन् इनचार्जच्या जागेसाठी सर म्हणून राहिले होते, "यू आर डेफिनिटली इन द रेस." रेस कायची, कपाळ!

एका सोमवारी दिल्लीहून नवा इनचार्ज आला. सरांचा ओळखीचा. सर त्याले घेऊन माझ्या टेबलाशी आले, सगळ्यांदेखत.

"इफ यू डोन्ट माइंड, इन्हें ज़रा काम सिखा दीजिए."

आधीची मी असती तर म्हटलं असतं, हव सर. तोंडात आलंही होतं.

"सर, आय माइंड."



"मज़ाक कर रही हैं?"

"नहीं सर. आपने पूछा, मैंने बताया. जगह मुझे क्यों नहीं दी? हिंदी में बोलिए, साफ-साफ."

"डोन्ट टेक इट पर्सनली."

"मेहनत मेरी, बेइज़्ज़ती मेरी. तो फिर पर्सनली कैसे न लूँ?"

 सर केबिनमध्ये गेले. 

कामावरून काढतील कदाचित. काढू द्या. पण कारण तोंडावर सांगावं लागन, सगळ्यांले ऐकू जाईन असं. त्या माणसाले मी काम शिकवलं नाही. शिकवणारही नाही.