कुटुंबप्रमुखाची साक्ष

सर पंचाहत्तर वर्षांचे झाले म्हणून त्यांच्या शिष्यांनी गौरवग्रंथ काढायचं ठरवलं आहे. 'सरांची संशोधनपद्धती' हा विषय माझ्या गळ्यात मारला, कारण त्या पद्धतीची पिशवी मी चार वर्षं खांद्यावर वाहिली. लेख जिव्हाळ्याचा हवा, असं समितीने बजावलंय. जिव्हाळा मला जमायचा नाही. पद्धत सांगतो.

सर म्हणजे भिवंडीचे इतिहासकार. दुसरं कोणी नव्हतं, म्हणून तेच. त्यांनी बारा चरित्रं लिहिली आणि बाराही माणसं एकाच साच्यातून काढली. गरिबीत जन्म, लहानपणापासून तेज, शेवटी अंत्ययात्रेला जनसागर. नाव झाकलं तर कुठलं चरित्र कोणाचं, हे खुद्द सरांनाही सांगता आलं नसतं. वडप्याच्या एका जमीनदाराने शेतं विकून गोदामं उठवली, त्याच्यात त्यांना द्रष्टा दिसला. द्रष्टा दिसायला त्याच्या मुलाने घरापर्यंत गाडी पाठवली होती, एवढंच.

पद्धत अशी. पोस्टकार्डाएवढी जाड कार्डं. वरच्या ओळीत 'सांगणारा', खाली हकीकत. आणि नियम एकच: रेशनकार्डावर कुटुंबप्रमुख म्हणून ज्याचं नाव, तोच सांगणारा. बाई बोलली तर ती घरच्या माणसाच्या वतीने बोलली असं धरायचं. "साक्षीला वजन लागतं," सर म्हणायचे. वजन म्हणजे मिशी. हा नियम मी कितीतरी घरांत पाळला आणि माझा हात कधी अडला नाही, हेही इथेच लिहून टाकतो.

मग सरांनी लूम कामगारांच्या एका पुढाऱ्याचं चरित्र हाती घेतलं. त्याचं नाव झालं ते एका संपामुळे. कारखान्याच्या दारात बायका ठाण मांडून बसल्या आणि सुताचा ट्रक त्यांनी आत जाऊ दिला नाही. त्या बायकांत माझी आई होती. ती तिथे कांड्या भरायची, म्हणजे लूमच्या धोट्यात बसणाऱ्या कांडीवर सूत गुंडाळायचं काम. मी मोठ्या रुबाबात सरांना टेमघरला आमच्या घरी घेऊन गेलो. आईने धुतलेली चादर अंथरली आणि तीन दुपारी बोलत राहिली.

"नेते पहिल्या दिवसापासून दारात होते ना?" सरांनी विचारलं. त्यांचं प्रकरण बहुधा आधीच लिहून झालं होतं.

"न्हाय सर. ते चवथ्या दिवशी आले, इस्त्रीचा शर्ट घालून. ट्रक दुसऱ्याच दिवशी माघारी गेलता. बसायचं आमीच ठरवलं, कांडीवाल्या बायांनी. पुरुष लोक ड्युटी जाईल म्हणून लांब हुबे व्हते."

मी कार्ड काढलं आणि सरांकडे पाहिलं. "नियम माहीत आहे ना तुला," ते म्हणाले. वडील शिफ्ट करून आले होते, भिंतीकडे तोंड करून झोपले होते. संपाच्या आठवड्यात ते भिवंडीतही नव्हते. अंजूरला बहिणीकडे भातकापणीला गेले होते, हे मला चांगलं ठाऊक होतं. तरी मी 'सांगणारा' पुढे वडिलांचं नाव घातलं. सरांच्या शिफारसपत्रावर माझी कॉलेजातली नोकरी अडली होती, आणि लाज नंतर बघता येते असं मला वाटायचं.

पुस्तक आलं. नेत्यांनी मोठ्या दूरदृष्टीने स्त्रियांना दारात बसवलं, असं त्यात ठणकावून लिहिलं होतं आणि तळटीपेत साक्षीदार म्हणून माझे वडील. ते आधी गोंधळले, मग सुखावले, मग त्यांना आठवायला लागलं. हळूहळू ते स्वतःच ट्रकच्या पुढे आडवे झाले. आता पुढाऱ्याच्या दर जयंतीला त्यांना मंडपात खुर्ची असते, शाल मिळते, आणि पुढारी पहिल्या दिवशी काय बोलले तेही ते शब्दशः सांगतात. आई मागे बायकांत बसून ऐकते. सरांच्या विद्वत्तेचं एवढं जितंजागतं फळ दुसरं नाही, समितीने त्याचा फोटो छापायला हरकत नाही.

हा लेख लिहायला बसण्याआधी मी आईकडे गेलो. म्हटलं, "सरांनी तुझं नाव गाळलं. मी आता खरं लिहितो."

ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "सरांचं काय घेऊन बसलास? लिव्हत तर तू व्हतास."

"तुला कुठे वाचता येतं, आई?"

"माझं नाव येतं की वाचायला. तुझ्या बापाचं बी येतं, पगाराच्या सहीला शिकले व्हते. पयल्याच दुपारी बघितलं मी कार्ड."

मग विचारलं, की तरी आणखी दोन दुपारी का बोललीस.

"तुझी नोकरी व्हायची व्हती ना," ती म्हणाली, आणि सुपातला एक खडा काढून बाजूला ठेवला.