ज्यानं बेलभंडारा उचलला नाही

ती चोरी मी विसरू म्हटलं तरी विसरत नाही. बायको होती तोवर ती आठवण करून द्यायची. आठ महिने झाले तिला जाऊन. आता ती आठवण माझी मीच काढतो.

मी चौथी शिकलेला माणूस. शिपाई म्हणून लागलो, जमादार झालो. स्वातंत्र्याला सात-आठ वर्षं झाली असतील. वाशीम तेव्हा जिल्हा नव्हता, सगळं अकोल्याखाली. मानोऱ्याकडच्या एका चौकीचा चार्ज माझ्याकडे होता. नावं कोणाचीच सांगणार नाही.

सजा झालेल्या माणसांचं चौकीत रजिस्टर असे. दर बाजाराच्या दिवशी त्यांनी येऊन अंगठा द्यायचा. त्यात एक म्हातारा होता. घरफोडीत चारदा आत गेलेला. दर वेळी सुटला की देवीपुढे बेलभंडारा उचलायचा, म्हणजे बेलाचं पान आणि हळद हातात घेऊन शपथ, की आता चोरी नाही. आणि दर वेळी पुन्हा चोरी. चौथ्यांदा सुटून आला तेव्हा मात्र शपथ घेतली नाही. नुसता झाडू घेतला. सहा वर्षं देवीचं अंगण झाडत होता. लोक हसायचे, "मांजर माळकरी झाली."

एका सकाळी देवीचे चांदीचे डोळे गेले.

खबर गुरवाच्या साळ्यानं आणली. "जमादार साहेब, झाडूवाल्याले धरा. पहाटी तोच असते तिथी."

मी पंचनामा केला, म्हाताऱ्याला धरलं. पाटलानं देवळात बेलभंडारा मांडला. गुरवानं उचलला. साळ्यानं उचलला. म्हातारा मागे सरला.

"उचल ना बे."

"नाई साहेब."

"काहून?"

"तीन खेपा उचलला अन् तीन खेपा खोटा पाडला. आता खऱ्यासाठी बी हात लावत नाई. देवीमायनं मले झाडू देल्ला, तेवढा पुरे."

गाव म्हणालं, झाली कबुली. मीही तेच धरलं. दोन दिवस मी त्याला लॉकअपमध्ये विचारलं. कसं विचारलं ते लपवत नाही. उजव्या हाताची दोन बोटं फुटली. आणखी एक सजा म्हणजे जेलातच मरण, हे त्यालाही ठाऊक होतं. तरी तो घोर वेगळाच करायचा. "साहेब, अंगन कोन झाडून राह्यलं?"

आरोपीची भाकर माझ्या घरून जायची. बायको स्वतः गजाआड थाळी सरकवायची. ती म्हणाली, "आयका ना, तो चोर नाई."

"तुले कोनं सांगतलं?"

"तो भाकरीचा पयला तुकडा देवाच्या नावानं बाजूले काढते. तुमी मारून राह्यले तरी काढते."

"तू भाकर थाप. तपास मी करतो," मी म्हटलं.

तिसऱ्या दिवशी म्हातारा आपण होऊन बोलला. "मायच्या तोंडाले खरचटलं त नाई ना, साहेब?"

"नाही. गालावर जराशी काजळी होती."

तो म्हणाला, "काजळी कायची? कोनं तरी दिवा जवळ धरला असन. म्हंजे डोळे मेनावर बसवेल असन, ऊब देऊन सोडवले. मले काय ठाऊक मेन हाय म्हून? मी चोर मानूस, पटाशीनं उचकटले असते. हा कोनी घरचा हाय."

काजळी पंचनाम्यात मीच लिहिली होती. लिहिली आणि वाचली नाही.

गुरवाला विचारलं. नवरात्राआधी दार लावून तो डोळे काढायचा, घासायचा, मेणानं पुन्हा बसवायचा. हाताशी कोण? साळा. साळ्याच्या घरी ज्वारीच्या कणगीत डोळे सापडले.

"बेलभंडारा कसा उचलला बे?" मी विचारलं.

तो हसला. "हातानं."

म्हाताऱ्याला सोडलं. तो घरी गेला नाही, सरळ देवळात गेला. उजवा हात सुजलेला, म्हणून डाव्या हातानं झाडायला लागला. मी समोर उभा राहिलो. चुकलं म्हणायचं होतं. अंगावर वर्दी होती, म्हटलं नाही. त्यानं मान वर केली. "सरका साहेब, पायाखाली कचरा हाय."

या केसनं मला एवढं शिकवलं की शपथ पटकन उचलतो त्याच्या घराची आधी झडती घ्यावी. पोलिसाचं शिकणं तिथं संपलं. माणसाचं राहिलं. लॉकअपमधल्या माणसावर पुन्हा हात उचलणार नाही, अशी त्याच देवीपुढे मी शपथ घेतली. दोनदा मोडली. बायकोला ठाऊक होतं. ती आजारी पडली तेव्हा पुन्हा देवीपुढे उभा राहिलो, तिला वाचव म्हटलं, होतं नव्हतं ते कबूल केलं. ती गेली. त्यानंतर देवाला मी जे बोललो ते कागदावर लिहिण्यासारखं नाही. म्हाताऱ्यानं तीनदा शपथ मोडली, तरी त्याला वाटायचं की मायनं आपल्याला कामावर ठेवलंय. मला तसं काही वाटत नाही.

आता भाकर मीच थापतो, अर्धी करपते. रोज जेवायला बसताना ठरवतो की आज पहिला तुकडा बाजूला काढायचा नाही.

हात ऐकत नाही.